मशीन शॉपच्या लॅपटॉपसाठी डेबियनमध्ये एक ड्रायव्हर घातला, त्याची हकिकत

लॅपटॉपच्या एक्स्प्रेसकार्ड खाचेत बसणाऱ्या एका सिरियल पोर्ट कार्डाचा ड्रायव्हर डेबियन लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पॅकेज म्हणून, म्हणजे कुणालाही सहज इन्स्टॉल करता येईल असा, घालायचं काम मी जुलै २०२४ मध्ये हाती घेतलं. मार्च २०२५ संपता संपता ते मार्गी लागलं. त्यातलं खरं प्रोग्रॅमिंग म्हणाल तर काही शनिवार-रविवारांचं. उरलेला काळ गेला तो हा कोड कुणाचा, तो वाटायचा हक्क कुणी दिला आणि उद्या बिघडला तर उत्तर कोण देणार, याचे कागद जुळवण्यात. सुरुवातीला हे कुणी मराठीत सांगितलं असतं तर पुष्कळ धडपड वाचली असती, म्हणून लिहितोय. चिप बनवणाऱ्या कंपनीचं नाव मात्र देत नाही. पुढे त्यांच्या नावानं जरा बोटं मोडायची आहेत.

आजच्या काळात एक्स्प्रेसकार्ड कशाला, असं कुणीही विचारेल. बेळगावात उद्यमबागेत माझ्या मामांचं मशीन शॉप आहे. हायड्रॉलिक्सचे जॉब निघतात. तिथल्या जुन्या व्हीएमसीला, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कटिंग मशीनला, फानुक कंपनीचा कंट्रोल आहे आणि त्याची मेमरी इतकी तुटपुंजी की मोठा प्रोग्रॅम त्यात मावतच नाही. मग आरएस-२३२ केबलनं लॅपटॉपमधून प्रोग्रॅम थोडा थोडा पाजत राहायचा, मशीन तो कापत राहणार. यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर लावला की अर्ध्या जॉबवर स्क्रीनवर अलार्म ०८७ यायचा, बफर ओव्हरफ्लो. जॉब स्क्रॅप, टूल गेलं तर तेही पदरात.

याचं गणित सोपं आहे. कंट्रोलचा बफर भरत आला की मशीन लॅपटॉपला डीसी३ नावाचं एक कॅरेक्टर पाठवतं, म्हणजे 'थांब'. त्यानंतर आणखी १० कॅरेक्टर ते चालवून घेतं, त्यापुढे अलार्म. ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), १ स्टार्ट बिट, ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटीचा १ आणि २ स्टॉप बिट धरले तर एका कॅरेक्टरला ११ बिट पडतात. म्हणजे १० कॅरेक्टर जायला साधारण साडेअकरा मिलिसेकंद. बऱ्याच कन्व्हर्टर चिपांचा लेटन्सी टायमर, म्हणजे आलेला डेटा लॅपटॉपकडे सोपवण्याआधी थांबायचा वेळ, मुळातच १६ मिलिसेकंदांवर असतो. 'थांब' ऐकू येईपर्यंत लॅपटॉपनं पुढचा घास मशीनच्या तोंडात कोंबलेला असतो. शिवाय कन्व्हर्टरच्या पोटात जो डेटा आधीच गेलाय तो जातोच.

मी घेतलेल्या कार्डातली चिप डीसी३ स्वतः ओळखते आणि ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता जागच्या जागी पाठवणं थांबवते. कार्ड २,८०० रुपयांना पडलं. लॅपटॉप जुन्या बाजारातला थिंकपॅड टी४३०, त्याला ही खाच आहे. घेणाऱ्यांनी एक बघावं: एक्स्प्रेसकार्डात पीसीआय एक्स्प्रेस आणि यूएसबी अशा दोन्ही वाटा असतात आणि कितीतरी स्वस्त कार्डांच्या आत गुपचूप यूएसबी कन्व्हर्टरच बसवलेला असतो. कार्ड लावल्यावर ते पीसीआय उपकरणांच्या यादीत दिसलं पाहिजे. यूएसबीच्या यादीत दिसलं तर दुकानदाराला परत करा. आणि केबल लावताना मशीन व लॅपटॉप दोन्ही बंद ठेवा. अर्थिंगमधल्या फरकानं पोर्ट जळतो, मग ड्रायव्हर कितीही चांगला असो.

आता घोडं कुठं अडलं ते सांगतो. लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातला, ठरलेला सिरियल ड्रायव्हर या कार्डाला साधा पोर्ट समजून चालवतो. डीसी३ची ती खास सोय बंदच राहते. सोय चालू करणारा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर झिपमध्ये मिळायचा, पण तो कर्नल ५च्या काळात गोठलेला. शॉपच्या लॅपटॉपवर डेबियन १२ होतं, कर्नल ६.१. तिथे एका फंक्शनच्या आर्ग्युमेंटला 'कॉन्स्ट' जोडून भागलं. पण सुरक्षा अपडेटबरोबर नवा कर्नल आला की ड्रायव्हरचं मॉड्यूल सोर्सपासून पुन्हा बांधावं लागे आणि ते बांधणारा मी एकटा. सोमवारी सकाळी मामांचा फोन ठरलेला: "बाबा रे, मशीन उभं आहे. पार्टीला मी काय सांगू? तूच ये आणि तोंड दे."

त्यात १४ जुलै २०२४ला कर्नल ६.१० आला. सिरियल पोर्टनं पाठवायचा डेटा ज्या गोल बफरमध्ये राहायचा तो या आवृत्तीत काढून त्या जागी केफिफो हा वेगळ्या धाटणीचा बफर आणला. कंपनीचा कोड त्या जुन्या बफरला पानोपानी हात घालत होता. कंपाइल करायला गेलो तर एररनी टर्मिनल भरून वाहिलं. पुढचं डेबियन, म्हणजे १३, याच्याही पुढच्या कर्नलवर येणार हे उघड होतं. तेव्हा ठरवलं की दर वेळी ठिगळ लावत बसण्यापेक्षा रीतसर पॅकेज करायचं.

अशा बाहेरच्या ड्रायव्हरांसाठी डीकेएमएस नावाची व्यवस्था आहे. डेलच्या लोकांनी ती २००३च्या सुमारास काढली. पॅकेज ड्रायव्हरचा सोर्स आणून ठेवतं आणि नवा कर्नल आला की डीकेएमएस तो तिथल्या तिथे बांधून घेतं. डेबियनमध्ये याला जोडीची साधनं तयार आहेत, त्यामुळे पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी माझी रूल्स फाइल जेमतेम चार ओळींची झाली. हा भाग खरंच सोपा आहे, त्याला घाबरू नका. जुना आणि नवा दोन्ही बफर सांभाळणारा पॅच, म्हणजे कोडातली दुरुस्ती, लिहायला मात्र डोकं लागलं. रविवारी शॉप बंद असताना टी४३० घरी वडगावला आणायचो, १,६०० रुपयांची वेगळी एसएसडी त्यात घालायचो, त्यावर टेस्टिंग, म्हणजे पुढच्या डेबियनची घडत असलेली आवृत्ती, आणि दोन पोर्ट एकमेकांना जोडणारी केबल. रात्री उशिरा आई डोकावून जायची, "काय करालास रे अजून? झोप की."

पहिला कागद म्हणजे आयटीपी, 'मी हे पॅकेज करणार आहे' अशी जाहीर नोंद. ती डेबियनच्या बग यादीत डब्ल्यूएनपीपी या नावाखाली टाकायची. रिपोर्टबग हा प्रोग्रॅम सगळे प्रश्न विचारून मेल बनवून देतो. मी ती गणपतीत टाकली, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. आम्ही गावी होतो, खानापूर तालुक्यात, आणि रेंज फक्त घरामागच्या माळावर. पाऊस थांबला की छत्री घेऊन वर जायचं आणि मेल गेला का बघायचं. बग क्रमांक आला तो जपून ठेवा, पुढे चेंजलॉगच्या (पॅकेजमधल्या बदलांच्या यादीच्या) पहिल्या नोंदीत 'हा बग मिटला' म्हणून तो लिहावा लागतो.

नोंदीवर पहिलाच प्रश्न आला: हे मूळ कर्नलमध्येच का पाठवत नाही? प्रश्न रास्त आहे आणि तुम्हालाही विचारला जाणार, तेव्हा उत्तर तयार ठेवा. माझं उत्तर असं होतं की कंपनीचा कोड आहे त्या रूपात कर्नलवाले दारातही उभा करणार नाहीत, तो नव्यानं लिहावा लागेल, आणि तोवर ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी काय करायचं? हे पटलं असावं. निदान पुढे कुणी हटकलं नाही.

मग कॉपीराइटची फाइल. इथे माझ्या नाकी नऊ आले.

डेबियनला प्रत्येक फाइलचा मालक आणि लायसन्स लिहून हवं असतं. झिप उघडून बसलो. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर कंपनीचं नाव आणि 'सर्व हक्क राखीव'. रीडमीत लिहिलेलं की लेखी परवानगीशिवाय वाटू नये. आणि कोडच्या तळाशी, कर्नलला सांगण्यासाठी, मॉड्यूलचं लायसन्स 'जीपीएल', म्हणजे कुणालाही वापरायला, बदलायला, वाटायला मुभा देणारं. एकाच झिपमध्ये तीन तोंडं. त्यात एका फंक्शनमधल्या कॉमेंट कुठेतरी वाचल्यासारख्या वाटल्या, म्हणून ती फाइल कर्नलच्या ८२५० या ठरलेल्या सिरियल ड्रायव्हरशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. पानंच्या पानं तीच, कॉमेंटसकट. मूळ फाइलच्या माथ्यावर रसेल किंग यांचं नाव आहे आणि ही फाइल लिनस टॉरवाल्ड्स व थिओडोर त्सो यांच्या जुन्या सिरियल ड्रायव्हरवर आधारलेली आहे अशी नोंदही आहे. कंपनीनं तो माथा छाटून आपला बसवला होता. आमच्याकडे शेताचा उतारा काढला की आजोबा, पणजोबा, लग्न होऊन गेलेल्या आत्या अशी सगळी नावं बाहेर येतात आणि त्यातलं एक गाळलं तरी व्यवहार अडतो. ही फाइल तशीच आहे. कुणीतरी तपासणार आहे असं धरूनच लिहायची, कारण खरोखर तपासतात.

कंपनीला मेल केला. त्यांच्या सेल्सवाल्यांकडून उत्तर आलं, किती नग घेणार? मी नम्रपणे लिहिलं की एक घेतलंय, आणखी नको, लायसन्सचं बघा. बरेच दिवस शांतता. मग दुसऱ्या कुणाचं तरी उत्तर आलं: डेबियननं वापरायला आमची हरकत नाही. वाचून आनंद झाला, पण तो टिकला नाही. डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या नियमावलीतलं आठवं कलम सांगतं की लायसन्स फक्त डेबियनपुरतं असून चालत नाही. डेबियनकडून पुढे जो कुणी घेईल त्यालाही तेच हक्क मिळायला हवेत. म्हणजे ही परवानगी असून नसल्यासारखी.

मग युक्ती केली, आणि या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. परवानगी मागत बसू नका, काम तयार करून द्या. मी त्यांच्या प्रत्येक फाइलचा दुरुस्त माथा बनवला, मूळ लेखकांची नावं परत घातली, जीपीएल-२चा पूर्ण मजकूर वेगळ्या फाइलमध्ये जोडला, रीडमीमधलं ते वाक्य काढलं आणि सगळं झिप करून पाठवलं. सोबत दोन ओळी: हे तुमच्या साइटवर ठेवा, बाकी काही नको. भांडणाचा सूर ठेवला नाही. छाटलेल्या नावांबद्दल 'बहुधा नजरचुकीनं राहिलं' एवढंच लिहिलं. दिवाळी आली. १ नोव्हेंबरला आमच्या शहरात एकीकडे राज्योत्सवाच्या मिरवणुका, दुसरीकडे काळा दिवस, त्यामुळे बाहेर पडायचा प्रश्न नव्हता. त्या दिवशी बसून कॉपीराइट फाइल नव्या माथ्यांप्रमाणे लिहून टाकली, कंपनीचं उत्तर आलेलं नसताना. नोव्हेंबर संपता संपता त्यांच्या एका इंजिनिअरचा एका ओळीचा मेल आला की नवी झिप साइटवर आहे. उघडून बघितली. नावं जागेवर होती.

डिसेंबर तपासण्यांत गेला. पॅकेज आपल्या मशीनवर बांधलं जाणं पुरेसं नसतं, ते कोऱ्या सिस्टिममध्ये बांधलं जावं लागतं. एसबिल्ड ते करतो, त्याला डिस्कवर जागा आणि बऱ्यापैकी डेटा लागतो. मोबाइलच्या नेटवर असाल तर रात्री लावून झोपा. त्यानंतर लिंटियन, हा पॅकेजच्या खोड्या काढणारा प्रोग्रॅम. त्याच्या सगळ्यात खडूस पर्यायांवर चालवा. माणसानं खोड काढण्यापेक्षा प्रोग्रॅमनं काढलेली बरी. पॅकेजवर डिजिटल सही करायला जीपीजी की लागते. ती कुणा डेबियन डेव्हलपरकडून साक्षांकित असावी लागेल या भीतीनं बरेच जण इथेच थबकतात. पहिल्या पॅकेजला त्याची गरज नाही. मेंटर्स या साइटवर खातं काढायचं, कीचा सार्वजनिक भाग तिथे द्यायचा आणि डीपुट या प्रोग्रॅमनं पॅकेज चढवायचं. या सगळ्याला डेबियन एक पैसा घेत नाही.

मेंटर्सवर चढवलं म्हणजे डेबियनमध्ये गेलं असं नाही. स्वतःच्या हक्कानं चढवू शकणारा एक डेव्हलपर मिळावा लागतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. त्यासाठी आरएफएस नावाची आणखी एक नोंद टाकायची आणि वाट बघायची. हा टप्पा मनाला फार खातो. कुणी नाही म्हणत नाही, कुणी हो म्हणत नाही. मेल उघडायचा, काही नसतं, मिटायचा. मी मधल्या काळात इतरांच्या नोंदी वाचायला लागलो आणि दोघा-तिघांची पॅकेजं बांधून बघून काय दिसलं ते कळवलं. त्याचा थेट फायदा झाला की नाही सांगता येत नाही, पण हात मोकळे राहिले नाहीत आणि कुठे काय खटकतं ते कळलं.

संक्रांतीच्या आठवड्यात युरोपातल्या एका डेव्हलपरनं पॅकेज बघितलं. मोठी यादी आली. वर्णनात नुसतं 'सिरियल कार्डाचा ड्रायव्हर' लिहू नका, कोणती चिप आणि कर्नलच्या ड्रायव्हरपेक्षा यात वेगळं काय ते सांगा. प्रत्येक पॅचच्या डोक्यावर तो कशासाठी, कुणी लिहिला, मूळ कंपनीला पाठवला का, हे हवं. डीकेएमएसची स्वयंचलित चाचणी जोडा, कंट्रोल फाइलमध्ये एकच ओळ लागते. हे सगळं एका रात्रीत झालं. चौथा मुद्दा अवघड होता: डेबियनच्या कर्नलमध्ये ठरलेला सिरियल ड्रायव्हर आतच बसवलेला असतो, तो बूट होताना कार्ड आधीच बळकावतो. कंपनीची इन्स्टॉल स्क्रिप्ट यावर उपाय म्हणून सिस्टिमच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये दोन ओळी खुपसायची. डेबियनला असली घुसखोरी चालत नाही, आणि योग्यच आहे, कारण पॅकेज काढल्यावर त्या ओळी मागे राहतात. त्याऐवजी युडेव्हचा, म्हणजे उपकरण दिसलं की काय करायचं ते ठरवणाऱ्या व्यवस्थेचा, नियम लिहिला: हे कार्ड दिसलं की जुन्या ड्रायव्हरकडून सोडवायचं आणि आमच्याकडे द्यायचं. पॅकेज काढलं की नियमही जातो, पुढच्या बूटला सगळं पूर्ववत. स्पॉन्सरनं पॅकेज घालून-काढून काही उरतंय का तेही पायपार्ट्स या प्रोग्रॅमनं तपासलं. जानेवारीच्या शेवटी त्यानं अपलोड केलं.

मग न्यू क्यू, म्हणजे नव्या पॅकेजांची रांग. नवं नाव असलेलं प्रत्येक पॅकेज तेव्हा एफटीपी मास्टर, म्हणजे डेबियनचा पॅकेज-साठा सांभाळणारी मंडळी, डोळ्यांनी तपासायची, मुख्यतः तीच कॉपीराइट फाइल. रांग वेबवर सर्वांना दिसते, पण नंबर कधी लागेल याला नियम नाही. कुणाचं दोन दिवसांत होतं, कुणाचं महिनोन्‌महिने पडून राहतं. मला घाई होती. डेबियन १३चा सॉफ्ट फ्रीझ १५ एप्रिल २०२५ला होता आणि त्यानंतर नवी पॅकेजं टेस्टिंगमध्ये घेत नाहीत. ती वेळ चुकली तर पुढची आवृत्ती दोनेक वर्षांनी. देव पाण्यात घालून बसलो होतो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात 'ॲक्सेप्टेड' असा मेल आला. कसलाही प्रश्न न विचारता.

इथे बहुतेक नवखे पेढे वाटतात आणि मग गाडं का सरकेना म्हणून बघत बसतात. न्यू क्यूला जाताना बांधलेलं पॅकेजही सोबत द्यावं लागतं आणि असं माणसानं बांधून दिलेलं पॅकेज टेस्टिंगमध्ये जात नाही. फक्त सोर्सचं आणखी एक अपलोड करावं लागतं, ते डेबियनची यंत्रं स्वतः बांधतात. स्पॉन्सरला तसं लगेच कळवलं. ते झाल्यावर नेहमीच्या तातडीला ५ दिवसांची मुदत असते, तेवढ्यात कुणी गंभीर बग टाकला नाही की पॅकेज आपोआप पुढे सरकतं. मार्च संपायच्या आत सरकलं.

९ ऑगस्ट २०२५ला डेबियन १३ आलं. शॉपचा लॅपटॉप मात्र मी खंडेनवमीला अपग्रेड केला, कारण त्या दिवशी मशीनं धुऊन-पुसून पूजेला लागतात, कापणं बंद. ऑपरेटर झेंडूच्या माळा बांधत होता, मी अपग्रेड बघत होतो. नवा कर्नल ६.१२ आला, मॉड्यूल बांधलं गेलं, पण बूट झाल्यावर लोड होईना. सिक्युअर बूट चालू होतं, त्यात ओळखीची सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेत नाही. तसं असेल तर डीकेएमएसची की एकदा मोकयुटिल या प्रोग्रॅमनं नोंदवावी लागते, पासवर्ड द्यायचा, रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो, तिथे तोच पासवर्ड टाकायचा. त्या पडद्यावर थोडे सेकंदच मिळतात, चहा आणायला उठू नका. आणि कर्नल हेडर्सचं, म्हणजे मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइलींचं, सर्वसाधारण पॅकेज घालून ठेवा, नाहीतर पुढच्या कर्नलला डीकेएमएसकडे बांधायला काही नसतं आणि ते निमूट गप्प बसतं. दुसऱ्या दिवशी दसरा. त्यानंतर शॉप उघडल्यावर मोठा प्रोग्रॅम लावला. ऑपरेटर स्क्रीनकडे बोट दाखवून कन्नडमध्ये म्हणाला, "आयतु." झालं. ०८७ आला नव्हता.

तोवर पहिला बगही येऊन पडला होता. अनस्टेबल, म्हणजे डेबियनची सतत बदलती आवृत्ती, वापरणाऱ्या कुणाकडे पॅकेज बांधलंच जाईना. कर्नल ६.१५पासून मेकफाइलमधलं एक्स्ट्रा-सीफ्लॅग्ज हे जुनं नाव मानायचं बंद झालं आहे आणि डेल-टायमर हे फंक्शनही गेलं. दोन्ही दुरुस्त्या छोट्या, पण अपलोडला पुन्हा स्पॉन्सर शोधणं आलं. असं दर काही महिन्यांनी होत राहणार, हे धरूनच पॅकेज घ्यावं.

आता सवडीनं ती डीसी३ची सोय कर्नलच्या मूळ ड्रायव्हरमध्ये घालायचा पॅच लिहितोय, कंपनीच्या कोडाला हात न लावता, चिपच्या डेटाशीटवरून. तो घेतला गेला तर हे पॅकेज डेबियनमधून काढा अशी विनंतीची नोंदही मलाच टाकायची आहे. ती एफटीपी मास्टरांच्या नावे जाते आणि तिचा मथळा 'आरएम'नं सुरू होतो.